टिकली म्हणून टिकेल? मऊ मातीवरच्या भरावांविषयी

(नागभीड येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



तत्त्वज्ञानाच्या माणसानं मातीच्या भरावावर बोलायचं म्हणजे सुतारानं सोनाराच्या दुकानात बसण्यासारखं आहे, असं कुणाला वाटलं तर त्यात काही चूक नाही. आम्ही भराव बांधत नाही. आम्ही वाक्यं तपासतो. आज तपासायला घेतलेलं वाक्य अगदी छोटं आहे : ‘हा भराव सुरक्षित आहे.’ हे वाक्य अहवालात असतं, भाषणात असतं, गावच्या पारावर असतं. ते कशाच्या आधारावर उभं आहे, त्याचा पाया किती खोल आहे, एवढंच आज बघायचं आहे.

आणि हे नागभीडमध्येच का? तर हा सगळा मुलूखच भरावांवर उभा आहे म्हणून. धानाच्या बांधीचा धुरा हा पहिला भराव. त्याच्या वर बोडी, बोडीच्या वर तलावाची पाळ. मग इंग्रजी अमदानीत डोंगरांच्या मध्ये मातीचं धरण घालून केलेला घोडाझरी तलाव. सरकारी नोंदीत त्याचं साल १९२३ आहे. मग रेल्वेचा भराव. नागपूरहून येणारी छोटी गाडी शंभर वर्षांहून अधिक काळ ७६२ मिलिमीटरच्या रुळांवर धावली, २०१९ साली ती बंद झाली आणि १६७६ मिलिमीटरच्या मोठ्या मार्गाचं काम हाती घेतलं गेलं. आणि वरून गोसीखुर्दचा उजवा कालवा आणि त्याच्या शाखा. म्हणजे पाणी अडवायला भराव, पाणी न्यायला भराव, गाडी न्यायला भराव. आपण सगळे कुठल्या ना कुठल्या भरावाच्या वर किंवा खाली राहतो. खाली राहणाऱ्यांची संख्या जास्त आहे, हे लक्षात ठेवा. ते पुढे लागणार आहे.

आधी गोष्ट काय घडते ते साध्या भाषेत समजून घेऊ. रोवणीच्या दिवसांत चिखलणी केलेल्या बांधीत पाय टाकला की काय होतं? पाय खाली जातो आणि पायाच्या बाजूचा चिखल वर येतो. मऊ चिकणमातीवर भराव घातला की नेमकं हेच होतं, फक्त पाय पन्नास फूट रुंद असतो. भरावाचं वजन खालच्या मातीला दाबतं. मातीची ताकद पुरली नाही तर एक मोठा, वाटीच्या आकाराचा तुकडा फिरतो. भरावाचा माथा खचतो आणि पायथ्याच्या पलीकडची जमीन फुगून वर येते. भराव स्वतः कितीही घट्ट कुटलेला असो, तो ज्यावर बसला आहे ते सरकलं की तोही गेला.

आता यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चिकणमातीच्या कणांमध्ये पाणी असतं आणि ते सहजी बाहेर निघत नाही. वजन पडलं की सुरुवातीला तो भार माती नाही, आतलं पाणी पेलतं. पाणी जसजसं झिरपून निघतं तसतशी माती दबते, कण जवळ येतात आणि ताकद वाढते. याला महिने लागतात, कधी वर्षं लागतात. कार्ल टेर्झाघी यांनी १९२५ साली व्हिएन्नाहून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही गोष्ट गणितात बसवली आणि त्यातून मृदायांत्रिकी नावाचं शास्त्र उभं राहिलं. याचा व्यवहारातला अर्थ काय? मऊ मातीवरच्या भरावाचा सगळ्यांत धोक्याचा दिवस हा बहुधा काम पूर्ण होण्याचा दिवस असतो. वजन सगळं येऊन पडलेलं आणि ताकद अजून वाढायची. म्हणजे आपण ज्या दिवशी नारळ फोडतो, त्या दिवशी माती सगळ्यांत अडचणीत असते!

हे शास्त्र प्रयोगशाळेत जन्मलेलं नाही, ते अपघातांतून आलं. स्वीडनमध्ये रेल्वेचे भराव आणि बंदरांचे धक्के मऊ चिकणमातीवर उभे होते. १९१६ साली गोटेनबर्ग बंदरातला एक धक्का सरकला. १९१८ साली गेटो इथं रेल्वेखालचा भराव घसरला, गाडी उतरली आणि चाळीसहून अधिक माणसं गेली. स्वीडिश रेल्वेनं त्याआधीच एक आयोग नेमलेला होता. वोल्मार फेलेनियस त्याचे प्रमुख होते आणि १९२२ साली त्याचा अहवाल आला. माती एका वर्तुळाच्या कडेनं फिरते असं मानायचं, तिला फिरवणारा जोर काढायचा, तिला धरून ठेवणारा जोर काढायचा आणि दुसऱ्याला पहिल्यानं भागायचं, ही पद्धत तिथं पक्की झाली. भागाकार जो येतो तो सुरक्षा गुणक. एकाहून कमी आला तर भराव पडणार, जास्त आला तर उभा राहणार. शंभर वर्षं झाली, आज संगणकावर करतात, पण मूळ प्रश्न तोच.

हा गुणक किती साधा आहे ते एका उदाहरणात दाखवतो. आकडे आमचे, हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतलेले. समजा, खालच्या मऊ मातीची ताकद दर चौरस मीटरला २ टन आहे आणि भरावाच्या मातीचं वजन दर घनमीटरला २ टन. अशी माती आपल्या ताकदीच्या साधारण ५.१४ पट भार पेलते, असं गणित सांगतं. म्हणजे सव्वादहा टनांच्या आसपास. तेव्हा भराव फार तर ५.१ मीटर उंच घालता येईल, त्यापुढे तो बसणारच. आपण शहाणपणा करतो, गुणक १.५ ठेवतो आणि ३.४ मीटरवर थांबतो. अहवालात लिहितो, ‘सुरक्षित’. सही, शिक्का.

आता आमचा पहिला आक्षेप. तो गणितावर नाही, गणितात घातलेल्या ‘२ टन’ या आकड्यावर आहे. हा आकडा कुठून आला?

मऊ मातीत चार पात्यांची एक फिरकी खोल घालून ती फिरवतात आणि किती जोर लागला त्यावरून मातीची ताकद काढतात. नॉर्वेचे लॉरिट्स बियेरुम यांनी प्रत्यक्षात पडलेल्या भरावांचे हिशेब उलटे तपासले. त्यांना दिसलं की काही भराव, ज्यांचा गुणक एकाहून चांगला वर होता, तेही पडले होते. गणितानं उभे, जमिनीवर आडवे. १९७२ च्या सुमारास त्यांनी सुचवलं की माती जितकी जास्त चिकट, तितकी या फिरकीनं मिळालेल्या ताकदीत काट मारली पाहिजे. कारण फिरकी काही मिनिटांत माती कापते, भराव मात्र काही आठवडे रेटत राहतो, आणि चिकट माती सावकाश रेट्यापुढे लवकर हार मानते. त्यांच्या वक्राप्रमाणे फारशी चिकट नसलेल्या मातीला काट नाही, पण बऱ्याच चिकट मातीला पाव हिश्शाची काट बसते.

मग आपल्या उदाहरणाचं काय होतं बघा. २ टनांची ताकद दीड टन झाली. ५.१४ गुणिले दीड म्हणजे ७.७ टन. भरावाचा भार ६.८ टन. गुणक उरला १.१३. भरावातलं एक ढेकूळ हललं नाही, पाऊस पडला नाही, कुणी काही खोदलं नाही. फक्त आपण आकड्याला विचारलं की बाबा, तू आलास कुठून, आणि दीडाचा एकवर आला.

आता आपल्या मातीचं बोलू. खरी खोल, लोण्यासारखी मऊ चिकणमाती महाराष्ट्रात असते ती कोकणातल्या खाड्यांच्या काठी : ठाणे, पनवेल, न्हावा-शेवा, उलवे. तिथं रेल्वेचे भराव घालताना, बंदर बांधताना चिखलात वाळूचे किंवा प्लास्टिकच्या पट्ट्यांचे उभे निचरे घालून आतलं पाणी लवकर बाहेर काढावं लागलं. आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे कन्हार आहे, मोरंड आहे, खर्डी आहे, बर्डी आहे. जुन्या जमाबंदीवाल्यांनी हीच नावं कागदावर उतरवली, कारण इथल्या शेतकऱ्यापेक्षा चांगलं वर्गीकरण त्यांच्याकडे नव्हतं. या कन्हारीचा स्वभाव काय? वैशाखात कुदळ उडते, भेगांत हात जातो. आषाढात तीच माती पायाला ओढून घेते. मग आम्ही विचारतो : मातीची ताकद मोजायला यंत्र शेतात कधी नेतात? पावसाळ्यात नेलं तर रुतेल, उभं पीक असताना शेतकरी नेऊ देणार नाही. म्हणजे उन्हाळ्यात. आणि त्या मातीवर भराव उभा राहणार कधी? बारा महिने. उन्हाळ्यात मोजलेली माती आणि पावसाळ्यातली माती यांचं नाव एकच आहे, गुण एक नाहीत. जाणता इंजिनिअर नमुना भिजवून तपासतो, हे आम्हाला ठाऊक आहे. पण अहवाल वाचणाऱ्यानं विचारलं पाहिजे : हा आकडा कुठल्या महिन्याचा?

आणि आपल्याकडे खरा मऊ चिखल नाहीच, असंही नाही. तो तलावाच्या पोटात आहे. शंभर-दोनशे वर्षांचा साचलेला गाळ ही मऊ चिकणमातीच आहे. जुन्या पाळीची उंची वाढवायची, तर पाळ रुंद करावी लागते. ती पाण्याच्या बाजूनं रुंद केली की नवा भराव बसतो थेट गाळावर. म्हणजे बाहेरून दिसायला जुन्या पाळीची डागडुजी आणि आतून मऊ मातीवरचा नवा भराव. नाव ‘दुरुस्ती’ असल्यामुळे तपासणी दुरुस्तीची होते. भाषेनं माणूस असा फसतो, म्हणून तर आमचा धंदा चालतो.

आता दुसरा आक्षेप, आणि तो इंजिनिअर मंडळींवर नाही, आपल्यावर आहे. आपलं वाक्य काय असतं? ‘आजा-पणजाच्या काळापासून पाळ उभी आहे, हिला काय होतंय?’

या वाक्याबद्दल आम्हाला आदर आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. कोहळी समाजाची तलाव बांधण्याची कीर्ती होती. तलाव बांधणाऱ्याला गोंड राजवटीत जमीन तुकूम म्हणून मिळे, आणि तो शब्द गावांच्या नावांत अजून जिवंत आहे. पाळ कुठं घालायची, तुडुम कुठं ठेवायचं, सांडव्याचं पाणी कुठून काढायचं, हे त्यांना कळत होतं. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि नावामागे ‘माजी’ लागलं. पण पाळी उभ्या राहिल्या.

तरीही हे वाक्य तपासलं पाहिजे. पहिली गोष्ट, आपण ज्या पाळी बघतो त्या टिकलेल्या पाळी आहेत. ज्या फुटल्या त्यांची आज बांधी झाली आहे, तिथं धान उभं आहे आणि कुणाला आठवण नाही. टिकलेल्या पाळी दाखवून ‘जुने लोक बांधत ते टिकतच असे’ म्हणणं म्हणजे शंभरी ओलांडलेल्या म्हाताऱ्यांना भेटून ‘पूर्वीची माणसं मरतच नव्हती’ म्हणण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे, आणि तिच्यासाठी आपल्या नैयायिकांकडे जाऊ. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे खरं. पण ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हे खरं नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत दोन्ही बरोबर का दिसतात? तिथं लाकूड ओलं असतं म्हणून. हे ओलं लाकूड म्हणजे उपाधी. आपण न सांगितलेली, पण जिच्या जोरावर आपलं विधान उभं असतं अशी अट. उपाधी सरली की विधान कोसळलं.

‘शंभर वर्षं टिकली म्हणून टिकेल’ या अनुमानाची उपाधी कोणती? ‘बाकी काही बदललं नाही तर.’ तेवढं ओलं लाकूड आपण बोलत नाही. आणि नेमकं तेच बदलत चाललं आहे.

उदाहरण घ्या. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राज्यात २०१७ पासून आली. तलावातला गाळ काढायचा, शेतात टाकायचा. तलावाची साठवण वाढते, शेताला सुपीक माती मिळते. योजना चांगली आहे, तिच्यावर आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो पाळीच्या पायथ्याला लावलेल्या यंत्राच्या तोंडावर. कारण पायथ्याजवळचा गाळ दोन कामं करत असतो. एक, तो वजन म्हणून बसलेला असतो. पाळ घसरायला निघाली तर पायथ्याची जमीन फुगावी लागते, आणि तिच्यावर हे वजन बसलं असेल तर ती फुगत नाही. दुसरं, बारीक गाळ पाणी सहज जाऊ देत नाही. वर्षानुवर्षं साचून तलावाच्या बुडाला त्याचं अस्तर झालेलं असतं. पायथ्याला खड्डा घेतला की वजन गेलं, अस्तर फाटलं, आणि पाण्याला पाळीखालून जायची वाट मिळाली. पाळ तीच, पणजोबांचीच. उपाधी मात्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेली. म्हणून काढायचा तर पाळीपासून अंतर सोडून काढा, आणि ते अंतर किती, हे पाळीची उंची आणि खालची माती बघून ठरवा. ट्रॉलीला सोयीचं काय, हे बघून ठरवू नका.

हेच रेल्वेच्या आणि कालव्याच्या भरावालाही लागू. भरावाला माती हवी असते आणि सगळ्यांत स्वस्त माती ही भरावाला लागूनच असते. भरावाच्या पायथ्याशी खड्डा घेऊन ती माती भरावावर चढवणं म्हणजे माणसानं आपल्याच पायाखालची फळी काढून डोक्यावर घेण्यासारखं आहे. मग पावसाळ्यात त्या खड्ड्यात पाणी साचतं आणि लोक म्हणतात, बरं झालं, म्हशींना डोह झाला.

आता कुणी म्हणेल, गणितावर भरवसा नाही, जुन्या अनुभवावर भरवसा नाही, मग करायचं काय? अगदी रास्त प्रश्न. चार्वाकांनी हाच प्रश्न टोकाला नेला होता : व्याप्ती कधी सिद्धच होत नाही, तेव्हा अनुमान सोडा. आम्हाला तो मार्ग मान्य नाही. अनुमान सोडलं तर भरावच घालता येणार नाही, आणि भराव न घालता इथं धानही होणार नाही. प्रश्न अनुमान करावं की नाही हा नाही. केलेलं अनुमान पुढे तपासत राहायचं की तिजोरीत ठेवायचं, हा आहे.

याबाबत शास्त्रज्ञांनी स्वतःचीच परीक्षा घेतल्याची एक गोष्ट सांगतो, ती आम्हाला फार आवडते. मलेशियात मुआर इथं मऊ सागरी चिकणमातीवर एक भराव मुद्दाम पडेपर्यंत चढवायचं ठरलं. मातीची सगळी माहिती आधी तज्ज्ञांना दिली आणि विचारलं, किती उंचीवर पडेल ते सांगा. १९८९ साली क्वालालंपूरला परिषद भरली. भराव पडला होता सुमारे ५.४ मीटरवर. आणि तज्ज्ञांचे अंदाज? काही त्याच्या बरेच खाली, काही बरेच वर. माती एक, माहिती एक, शास्त्र एक, उत्तरं वेगवेगळी. यावरून कुणी शास्त्राची टिंगल केली तर ती पोरकट ठरेल. उलट ज्या शास्त्राला स्वतःची परीक्षा चारचौघांत देण्याची हिंमत आहे, त्यावर आम्ही जास्त विश्वास ठेवू. पण एक धडा घ्यावाच लागतो : गुणकात दशांश चिन्हापुढे दोन आकडे छापले म्हणून ज्ञान दोन आकड्यांपर्यंत अचूक होत नाही. विषय जेवढी अचूकता देऊ शकतो तेवढीच मागणं हे सुशिक्षिताचं लक्षण, असं अॅरिस्टॉटलनं नीतिशास्त्राच्या सुरुवातीलाच बजावून ठेवलं आहे. मातीलाही ते लागू पडतं.

मग तपासत राहायचं म्हणजे काय करायचं? राल्फ पेक यांनी १९६९ साली दिलेल्या एका व्याख्यानात याची नीट मांडणी केली. निरीक्षणाची पद्धत म्हणतात तिला. तिचा गाभा असा : काम सुरू करण्याआधी ठरवायचं की काय बघायचं, किती झालं तर धोका मानायचा आणि धोका दिसला तर काय करायचं. तिन्ही गोष्टी आधी. हे ‘आधी’ महत्त्वाचं. नाहीतर होतं काय, भेग दिसल्यावर समिती नेमतात, आणि समितीला भेग दिसेपर्यंत भेगेला समितीची गरज उरलेली नसते.

आणि यासाठी नेहमी महागडी यंत्रंच लागतात असंही नाही. मऊ मातीवर भराव चढवताना पायथ्याच्या पलीकडे एका रेषेत खुंट्या ठोकायच्या. रोज एका टोकाला डोळा लावून बघायचं. रेष बाहेरच्या बाजूला वाकली किंवा खुंट्या वर उचलल्या गेल्या, तर भराव चढवणं थांबवायचं, मातीला पाणी सोडायला वेळ द्यायचा, नाहीतर पायथ्याला बाजूचं वजन घालायचं. खाली उतरणारा भराव फारसं घाबरवत नाही. दबायचाच तो. बाजूला सरकणारा भराव मात्र बोलत असतो. तलावाच्या पाळीलाही भाषा असते. पायथ्याला निघणारं पाणी स्वच्छ आहे की गढूळ, एवढं रोज बघितलं तरी पुष्कळ कळतं. स्वच्छ पाणी म्हणजे पाझर. गढूळ पाणी म्हणजे पाळ आतून निघून चालली आहे.

आता तिसरा आणि शेवटचा आक्षेप. तो नीतीचा आहे.

मातीच्या धरणांसाठी भारतीय मानक ७८९४ आहे, १९७५ चं. त्यात वेगवेगळ्या अवस्थांना वेगवेगळा गुणक सांगितला आहे. धरण भरलेलं, पाणी संथ झिरपतंय, तेव्हा १.५. पाणी झपाट्यानं उतरलं तर १.३. हे वेगळे का? निसर्गानं नाही ठरवले. माणसांनी ठरवले. भरलेलं धरण वर्षातले कित्येक महिने असतं आणि खाली माणसं असतात, म्हणून जास्त. झपाट्यानं पाणी उतरणं क्वचित होतं, आणि तेव्हा घसरते ती आतली बाजू, म्हणून थोडं कमी चालेल. म्हणजे हा आकडा मातीचा गुणधर्म नाही. ‘किती धोका चालवून घ्यायचा’ याचं ते उत्तर आहे. ते उत्तर मानकात आहे हे चांगलंच आहे. पण लोक समजतात, गणितानं निकाल दिला. गणित फक्त सांगतं की आपण किती धोका पत्करतो आहोत. तो पत्करावा की नाही, हा प्रश्न पाळीखाली राहणाऱ्याचाही आहे. त्याला विचारलंच नाही, तर ‘सुरक्षित’ या शब्दाचा अर्थ ‘आमच्यासाठी सुरक्षित’ एवढाच उरतो.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. माणसं गेली, घरं गेली. तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी सांगितलं की खेकड्यांनी धरण पोखरलं. महाराष्ट्र हसला. आम्हाला त्या हसण्यात थोडी घाई वाटते. प्राण्यांची बिळं मातीच्या भरावाला खरोखरच घातक असतात, हे कुठल्याही जाणत्याला विचारा. खेकडा हे कारण असू शकतं. आमचा प्रश्न वेगळा आहे. न्यायशास्त्रात निमित्तकारण हे अनेक कारणांपैकी एक असतं, ते एकट्यानं काही घडवत नाही. धरणातून गळती होते आहे, अशी तक्रार गावकऱ्यांनी आधी केलेली होती. खेकड्याचं बीळ आणि फुटलेलं धरण यांच्या मध्ये एक न बुजवलेलं बीळ, एक वेळेवर न वाचलेला अर्ज आणि एक न झालेली दुरुस्ती असते. खेकड्यावर थांबलं की ही मधली साखळी दिसेनाशी होते. आणि खेकड्याला नोटीस बजावता येत नाही, हा त्याचा मोठाच गुण!

याच्या उलट एक जुनी रीत सांगतो, कोकणातली. रायगडकडे खाडीकाठी खारं पाणी अडवायला चिखलाचेच बांध घालतात. मऊ मातीवर मऊ मातीचाच भराव. त्याला खांड जाते. शेतकऱ्यांची सामूहिक व्यवस्था असायची, तिला जोळ म्हणत. खांड गेली की सगळ्यांनी मिळून बुजवायची. ती व्यवस्था पुढे क्षीण झाली. १९४८ साली खारजमिनींचा कायदा आला, मग १९७९ चा आला, आणि बांधांची मोठी जबाबदारी सरकारकडे गेली. जुनं ते सोनं असं आम्ही म्हणत नाही. जोळीतही खांडी जात होत्या, भांडणं होत होती. पण एक गोष्ट तिथं होती. ज्याचं शेत बुडणार, तोच बांधावर फिरत होता. बघणारा आणि भोगणारा एकच होता. आपल्याकडेही तलावाचा पाटकरी रोज पाळीवरून फिरायचा, तो त्याच पाण्यावर जेवणारा होता. आज बघणारा एका गावात, सही करणारा दुसऱ्या गावात, मोजणारा तिसऱ्या शहरात आणि भोगणारा पाळीखाली. कौशल्य वाढलं यात शंका नाही. पण ते चार ठिकाणी वाटलं गेलं आणि मधल्या फटी कुणाच्याच नावावर राहिल्या नाहीत.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच. ‘हा भराव सुरक्षित आहे’ हे वाक्य अपुरं आहे. चुकीचं नाही, अपुरं. ते पूर्ण करायला तीन प्रश्न लागतात. हा आकडा कुठल्या महिन्यातल्या, कुठल्या मातीचा? तो मोजल्यापासून पायथ्याशी, पाण्यात, उंचीत काय बदललं? आणि आज सकाळी पाळीवर कोण फिरून आलं, त्यानं काय पाहिलं आणि कुणाला सांगितलं? पहिला प्रश्न प्रयोगशाळेचा आहे, दुसरा अभियंत्याचा, तिसरा गावाचा. तिन्हींची उत्तरं एका कागदावर असतील तर त्या कागदाला अहवाल म्हणावं.

आता मोठ्या गाडीचा भराव येईल, कालव्याच्या शाखांना पाणी येईल, तलावांच्या पाळी उंचावतील. यातलं काहीही थांबावं असं आम्ही म्हणत नाही. पाणी हवं, गाडीही हवी. फक्त पहिल्या पावसाळ्यात घाई करू नका. मऊ मातीला वेळ दिला तर ती स्वतःच ताकद कमावते, आणि हा गुण माणसांतही फार थोड्यांत असतो. ग्रामसभेत तलावाचा विषय निघेल तेव्हा किती खर्च झाला हे जरूर विचारा, पण त्याच्या जोडीला हेही विचारा की पायथ्यापासून किती अंतर सोडून खोदलं. तो प्रश्न विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही. पाळीखाली घर असलं की पुरे.

प्रश्न असतील तर घेऊ.